कुठेही न जाणारी सायकल

"सर्व रहिवाशांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत उद्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ एक सायकल चालवण्यात येणार आहे. सदर सायकल कुठेही जाणार नाही. तरी कोणीही दार उघडून बघू नये, आणि बघितल्यास हसू नये."

ही नोटीस मी स्वतःच्या हाताने, लाल शाईने लिहिली आणि लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याजवळच्या फळ्यावर, टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी लावली. परिणाम व्हायचा तोच झाला. संध्याकाळपर्यंत निम्मी चाळ दार उघडून बघून गेली आणि उरलेली निम्मी हसून गेली.

पण मामला खरंच गंभीर होता. माझी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती आणि सायकलच्या शर्यतींत उतरायची. पहाटे उठून लालबाग, परळ, शिवडी असे फेरे मारून सात वाजता घरी यायची आणि चार चपात्या उभ्याउभ्याच खायची. एके सकाळी शिवडीला, गोदीकडे जाणारे जुने रूळ रस्त्यातून तिरके गेलेत ना, तिथे रुळाच्या खोबणीत पुढचं चाक सापडलं आणि ती पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. मी धावतपळत परळच्या हॉस्पिटलात पोचले तर पोरगी हात गळ्यात बांधून बसलेली, आणि मला बघून पहिलं वाक्य काय, तर "आई, फ्रेम बघितलीस?"

मी म्हटलं, मी हात बघायला आलेय. तर म्हणे हात राहू दे, फ्रेम बघ.

ही फ्रेम म्हणजे सायकलचा सांगाडा. काळा, कार्बनचा, इतका हलका की मी दोन बोटांवर उचलायचे आणि उचलताना दर वेळी मला वाटायचं की ह्यात काहीतरी घालायचं राहून गेलंय. सायकल आमची नव्हती. तिच्या क्लबने वापरायला दिली होती, आणि देताना क्लबच्या सरांनी एकच अट घातली होती की फ्रेमला भेग जाता कामा नये. तिच्या मापाची दुसरी सायकल क्लबकडे नव्हती. राज्याच्या संघाची निवड चाचणी आठ आठवड्यांवर आली होती. म्हणजे ही फ्रेम शाबूत, तर चाचणी. नाहीतर पुढच्या वर्षी बघू. आणि पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

पडताना तिने सायकल अंगावर घेतली होती म्हणून सायकलला काही झालं नव्हतं. सरांना फोन केला, ते बाहेरगावी शिबिरात होते. मुलीची चौकशी करून झाल्यावर ते म्हणाले, "हाड जुळतं ताई. कार्बन जुळत नाही." आणि रेंज गेली.

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे रस्त्यावर जायचं नाही, पण दोन आठवड्यांनी बसल्याबसल्या पाय चालवायला हरकत नाही. तेव्हा मुलीने मला ट्रेनर नावाच्या वस्तूची माहिती दिली. सायकल घरातच त्यावर चढवायची, मागचं चाक जमिनीला टेकू द्यायचं नाही, आणि मग पाहिजे तितके पाय मारायचे. हे तिने मला तीनदा समजावलं आणि तीनदा मी मान डोलावली. चौथ्यांदा मी विचारलं, पण मग जायचं कसं? तिने कपाळाला हात लावला; एकच हात मोकळा होता, तो लावला.

ते दोन आठवडे भरत आले तेव्हा एके दिवशी ऑफिस सुटल्यावर मी दादरला एका सायकलच्या दुकानात गेले. चाळीस वर्षांत मी साड्या घेतल्या, मासे घेतले, नवरासुद्धा दोन बैठकींत पसंत केला, पण त्या दुकानात जो माझा मामा झाला तो आयुष्यात कुठे झाला नाही. दुकानदार तरुण, बोलायला फास्ट. मी ट्रेनर म्हणताच त्याने विचारलं की डिस्क आहे की रिम? मी म्हटलं हो. त्याने विचारलं, मागचा आस आरपार स्क्रूचा आहे की दांडी ओढून सुटणारा? मी म्हटलं हो. तो म्हणाला, "मावशी, सायकल आहे ना नक्की?"

मग त्याने मला आत नेऊन तीन चिजा दाखवल्या. पहिली म्हणजे तीन लाटणी एका चौकटीत आडवी घातलेली; त्यांच्यावर सायकल नुसती ठेवायची आणि तोल सांभाळत चालवायची. हिने फ्रेमला काहीच होत नाही, तो म्हणाला, कारण ही फ्रेमला धरतच नाही. मी खूश. मग त्याने विचारलं, चालवणार कोण? मी म्हटलं, मुलगी, एक हात गळ्यात आहे. त्याने ती चीज निमूटपणे बाजूला सरकवली.

दुसरीत मागचं चाकच काढून टाकायचं आणि सायकलचा मागचा भाग थेट त्या यंत्रावर बसवायचा. तो म्हणाला, चीज एक नंबर, पण फ्रेम कार्बनची असेल तर फ्रेमच्या कंपनीला विचारून घ्या, काही कंपन्या चालेल म्हणतात, काही नाही म्हणतात. फ्रेम कुठल्या कंपनीची? आता क्लबने सायकल वरून पुन्हा रंगवली होती, त्यात कंपनीचं नाव झाकलं गेलं होतं. मी म्हटलं, काळ्या.

राहिली तिसरी. तिच्यात चाक तसंच राहतं, मागच्या आसाची दोन टोकं दोन वाट्यांत घट्ट धरली जातात आणि टायर एका गोल फिरत्या रुळावर टेकतो. तीच घेतली, कारण तिच्याबद्दल विचारलेल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर मुलीने फोनवर दिलं. आस दांडी ओढून सुटणारा आहे म्हणे. मी विजयी मुद्रेने दुकानदाराकडे बघितलं, जणू तो आस मीच घडवला होता.

पैसे देताना तो म्हणाला, मावशी, फ्रेम सांभाळायची असेल तर चार गोष्टी. मी पिशवी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताची बोटं मोजायला तयार ठेवली. एक, मागच्या आसातली मूळची दांडी नाजूक असते, ती काढून ट्रेनरबरोबर दिलेली स्टीलची दांडी घाला. दोन, वाट्या हाताने आवळा, पान्याने नाही. हलत नाही इतपतच. तीन, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीचा ठोकळा द्या, म्हणजे सायकल उताराला लागल्यासारखी बसणार नाही. चौथं बोट मी उघडलं आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो चौथी गोष्ट फोन कानाला लावूनच बोलला, अर्धी मला आणि अर्धी फोनवाल्याला. मी ऐकली. नक्की ऐकली. बसस्टॉपपर्यंत ती माझ्याजवळ होती. लालबागला उतरले तेव्हा बोट उघडं होतं आणि त्यावर काही नव्हतं.

आता इथे माझ्या वडिलांचा प्रवेश होतो. वय पंचाहत्तर, बनियन, चट्टेरी लुंगी, कानामागे पेन्सिल. लग्नानंतर नवऱ्याला जागा मिळेना म्हणून आम्ही तात्पुरते त्यांच्याच खोलीत राहायला आलो. त्या तात्पुरत्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. बाबा गिरणीत रिंगखात्यात फिटर होते. रिंगखातं म्हणजे जिथे सूत कातलं जातं. तिथली लांबच लांब यंत्रं सरळ, घट्ट आणि गप्प ठेवायची हे त्यांचं काम. संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. तो संपला असं आम्हाला कोणी कधी येऊन सांगितलं नाही. एके दिवशी बाबा शिवडीच्या एका गोदामात वजनकाटे दुरुस्त करायला जायला लागले, आणि पुष्कळ वर्षांनी गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, त्यावरून आम्ही काय ते समजलो. पान्यांची पेटी मात्र पलंगाखाली तशीच होती. दर दसऱ्याला ती बाहेर निघायची, पाने तेलाने पुसले जायचे, झेंडू वाहिला जायचा, आणि पेटी पुन्हा आत. मधल्या वर्षांत तिच्या वाट्याला चाळीतले मिक्सर आणि एक घरघंटी सोडल्यास काही आलं नव्हतं.

त्या माणसाच्या घरात मी एक यंत्र आणून ठेवलं होतं.

बाबांनी ट्रेनरभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. पाय हलवून बघितले. कार्बन म्हणजे काय विचारलं. मुलीने सांगितल्यावर म्हणाले, मोटारीत कार्बनच्या कांड्या असतात, त्या झिजतात. ती म्हणाली, आजोबा, तो कार्बन वेगळा. ते म्हणाले, असेल, पण झिजत असणार. मग त्यांनी माझ्याकडून दुकानदाराच्या गोष्टी ऐकून घेतल्या. मी तीन सांगितल्या आणि चौथी आठवत नाही म्हटलं. बाबांनी हात उडवला. चौथी त्यांना माहीत होती म्हणे. यंत्र हललं नाही पाहिजे, दुसरं काय असणार?

दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगी हात दाखवायला हॉस्पिटलात गेलो होतो. आम्ही परत आलो तर पलंगाखालची जाड सागवानी फळी जमिनीवर आलेली, ट्रेनरचे चारही पाय लोखंडी पट्ट्यांनी तिच्यावर आवळलेले, फळीच्या एका बाजूला भिंतीशी पाचर ठोकलेली. आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. फळीवर मध्यभागी एक लाकडी खांब उभा होता, त्याच्या टोकाला लाकडाचा चिमटा, आणि त्या चिमट्यात फ्रेमची वरची आडवी नळी जुना टॉवेल गुंडाळून धरलेली. सायकल चढवलेली होती. बाबा पुढे झाले, त्यांनी सीटला धरून गदागदा हलवलं. सगळी चाळ हलली असेल, सायकल तसूभर हलली नाही.

"आता घ्या," बाबा म्हणाले. "सूतभर हलायची नाही."

रिंगखात्यातली एक रीत ते आम्हाला लहानपणापासून सांगत. नट पूर्ण बसला की त्याच्यावर आणखी पाव आटा, म्हणजे पाव फेरा, द्यायचा; तो पाव आटा विश्वकर्म्याचा. डब्याची झाकणं, नळ, कुकरची शिट्टी, आमच्या घरात सगळ्यांवर विश्वकर्म्याचा पाव आटा होता आणि लोणच्याची बरणी उघडायला शेजारच्या दोन माणसांना बोलवावं लागायचं. चिमट्याच्या नटांवरही तो त्यांनी प्रेमाने दिलेला होता.

मुलगी सायकलकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली की आजोबा, फ्रेमला असं पकडायचं नसतं बहुतेक. त्या 'बहुतेक'ने घात केला. तिलाही नक्की माहीत नव्हतं, मला तर कशातलंच काही माहीत नव्हतं, आणि बाबांचा चेहरा असा उजळला होता की मी तसा तो किती वर्षांत बघितला नव्हता. मी म्हटलं, बघू या चालवून.

त्याच संध्याकाळी समोरच्या खोलीतले काका आले. हे काका त्याच गिरणीत साचाखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. रिंगवाले आणि साचेवाले यांचं सख्य कधीच नव्हतं. सूत तुटलं की साचेवाले म्हणायचे रिंगवाल्यांनी कच्चं कातलं, रिंगवाले म्हणायचे साचेवाल्यांना विणता येत नाही. आता दोन्ही खात्यांच्या जागी एकाच इमारतीचं पार्किंग आहे, पण भांडण चालू आहे. काका उंबऱ्यात उभे राहिले, त्यांनी फळी बघितली, खांब बघितला, चिमटा बघितला.

"रे फिटरा," ते म्हणाले, "सायकल आसा ती. तू तिका फाशी देतंस काय?"

बाबा म्हणाले, साच्यावर आयुष्य काढलेल्या माणसाने यंत्राबद्दल बोलू नये. काका म्हणाले, सुताचा धोटा इकडून तिकडे उडवणारा साचा दिवसभर थडाथड हादरायचा, त्याच्या पायाखाली आम्ही नमदा घालायचो, म्हणून टिकायचा; तुमच्यासारखा आवळला असता तर पहिल्या पाळीत तडकला असता. बाबा म्हणाले, म्हणूनच तुमचं कापड तिरकं यायचं. मग विषय कापडावर गेला, तिथून संपाआधीच्या एका बोनसवर गेला, आणि सायकल बाजूला राहिली. नमदा म्हणजे जाड लोकरीचा थर एवढं मला त्यातून कळलं. ते आपल्या कामाचं आहे हे कळलं नाही.

पहिला दिवस छान गेला. मुलगी गळ्यात हात बांधून एका हाताने बसली, पाय फिरवले, रुळाची घरघर सुरू झाली. चाळ येऊन बघून गेली. साठीच्या एका बाईंनी विचारलं की एवढे पाय मारून पोरगी कुठवर पोचली? मी म्हटलं, माटुंग्यापर्यंत. त्या म्हणाल्या, येताना भाजी आण म्हणावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरीने जोर लावायला सुरुवात केली आणि आवाज आला.

कुट्.

उजवा पाय खाली गेला की कुट्. दर फेरीला एकदा. नवरा म्हणाला, पेडल. मी म्हटलं, सीट. मुलीने थांबून सीट दाबली, गप्प. पेडल हलवलं, गप्प. पुन्हा चालवलं, कुट्. नवरा म्हणाला, तिचा गुडघा असेल. मुलगी फ्रेमकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

गिरणीत कुठलं बेअरिंग बोलतंय हे शोधायला बाबा स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्रावर आणि मूठ कानामागच्या हाडावर धरून ऐकायचे. त्यांनी पेटीतून तो काढला आणि टोक फ्रेमला लावायला गेले, तशी मुलगी ओरडली की आजोबा, टोक नको. मग मी ओट्यावरून लाटणं आणून दिलं.

माझे वडील, पंचाहत्तर वर्षांचे, लुंगी सावरत गुडघ्यांवर बसले, लाटण्याचं एक टोक सायकलला लावलं, दुसरं कानामागे. मुलीला म्हणाले, मार. ती हळूहळू पाय मारायला लागली. लाटणं मागच्या आसाजवळ गेलं. बाबांनी मान हलवली, नाही. मग पेडलांमधल्या नळीवर. नाही. सीटखाली. नाही. मग वरच्या आडव्या नळीवर, चिमट्यापासून वीतभर लांब. बाबा थांबले. लाटणं चिमट्याजवळ सरकवलं. आणखी जवळ. मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि पाना घेऊन स्वतःच्या चिमट्याचे नट उलटे फिरवायला लागले. विश्वकर्म्याचा पाव आटा सुटेना. नवऱ्याने हात लावला तेव्हा सुटला.

टॉवेल निघाला. खाली नळीवर एक रेघ होती. केसाएवढी, आडवी, बोटाच्या पेराइतकी लांब.

आता सांगा, भेग आणि ओरखडा यांत फरक कसा करायचा? कार्बन काळा, रंग काळा, रेघ काळी. मुलीने थुंकी लावून अंगठा घासला. थोडी रेघ पुसट झाली, थोडी राहिली. नवरा म्हणाला, बॅटरी आणा. बॅटरीत ती रेघ मोठी दिसायला लागली. काका येऊन उभे होते; त्यांनीही चष्मा बदलून बघितलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरले. मुलगी पलंगावर बसली आणि म्हणाली, गेली. माझी चाचणी गेली. बाबा पाना हातात धरून तसेच उभे होते.

मला यंत्रातलं काही कळत नाही. पण लालबागच्या बाजारात मी इतकी वर्षं माठ घेत आलेय. माठ हातावर घ्यायचा आणि बोटाच्या गाठीने वाजवायचा. चांगला माठ खणखणीत बोलतो. तडा गेलेला, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो, बद्द वाजतो. मी पर्समधून रुपयाचं नाणं काढलं. सगळ्यांना गप्प केलं. पंखा बंद करायला लावला. आणि सीटकडून सुरुवात करून नळीवर नाणं हलकेच वाजवत पुढे गेले.

टक् टक् टक्. कोरडा, कडक आवाज. रेघेजवळ आले. डोळे मिटले. टक्. पुढे गेले. टक्. मागे आले. मी म्हटलं, मला तर सारखाच वाटतोय. काकांनी नाणं घेतलं, वाजवलं, म्हणाले सारखाच आहे. नवरा म्हणाला, मला आधीपासूनच काही ऐकू येत नव्हतं. मग नाणं बाबांकडे गेलं. त्यांनी ते घेतलं नाही. "माझ्या कानावर कोणी विश्वास ठेवू नका," एवढंच म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मुलीने रेघेचा फोटो सरांना पाठवला. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, फ्रेम त्यांची आहे, लपवायचं नाही. सरांचं उत्तर आलं की फोटोत कळत नाही, पाच आठवड्यांनी शिबिर संपलं की येऊन बघतो; तोवर जपून चालवा, आवाज आला तर बंद. म्हणजे पाच आठवडे आम्हाला माहीतच असणार नव्हतं की आमच्या खोलीत सायकल उभी आहे की सायकलचं प्रेत.

मग मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं. दादरच्या दुकानदाराला फोन लावला आणि चौथी गोष्ट विचारली. तो म्हणाला, अहो मावशी, तेच तर सांगितलं होतं. फ्रेमला कुठेही धरायचं नाही, आणि ट्रेनर जमिनीला ठोकायचा नाही. चालवणारा डावीउजवीकडे झुकतो, तेव्हा सायकलला थोडं डुलायला मिळालं पाहिजे. खाली रबर द्या, नमदा द्या, काहीतरी मऊ द्या. घट्ट धरलं की सगळा जोर फ्रेमवर येतो.

हे मी मोठ्याने, सगळ्यांसमोर परत म्हटलं. नमदा हा शब्द उच्चारताना मी काकांकडे बघायचं टाळलं. ते आपल्या खोलीत गेले आणि बायकोच्या शिलाई मशीनखालचा नमदा ओढून घेऊन आले. मागून काकूंचा आवाज येत होता, तो इथे लिहिण्यासारखा नाही. त्या नमद्याचे चार चौकोन बाबांनीच कापून ट्रेनरच्या पायांखाली घातले. फळी पलंगाखाली गेली, पाचर निघाली, खांबाचं पुढे पोळपाट ठेवायचं स्टूल झालं.

आता सायकल डुलायला लागली. फार नाही, गोदीत बांधलेली होडी डुलते तितकी. कुट् आवाज गेला. घाम फ्रेमवर पडू नये म्हणून मुलीने हँडलपासून सीटपर्यंत टॉवेल बांधला. मी रोज सकाळी देवाला दिवा लावून झाला की नाणं घेऊन नळी वाजवायचे, आणि रोज तो आवाज कालच्यासारखाच आहे की माझा कानच त्याला सरावलाय, ते मला ठरवता यायचं नाही. बाबांचे हाल मात्र बघवत नव्हते. सायकल डावीकडे झुकली की त्यांचा हात आपोआप तिला धरायला पुढे यायचा. शेवटी ते खुर्चीत बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायला लागले. मुलगी तासभर पाय मारायची, तेवढा वेळ ते तसे बसायचे. एकदा मी म्हटलं, बाबा, बाहेर जाऊन या जरा. म्हणाले, नको, ऐकतोय.

पुढचं सांगूनच टाकते, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे टांगणीला राहणार नाही. हाड जुळलं, ती चाचणीला त्याच सायकलवर उतरली आणि संघात आली, अगदी शेवटच्या नंबरावर. तो दिवस मला फारसा आठवत नाही. उन्हात उभं राहून मी कुठल्यातरी दुसऱ्याच मुलीच्या नावाने ओरडत होते. पण चाचणीच्या आधी सर आमच्या घरी आले, तो दिवस आठवतो.

सर येणार म्हणून मी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. रेघ दाखवायची, ते ठरलेलंच होतं. पण ती कशी आली हे विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. खांब-चिमटा कळला तर सर म्हणतील, ह्या घरात सायकल ठेवायची नाही, आणि सायकल आत्ताच उचलून नेतील, ही मला भीती. बाबांना तर मी निक्षून सांगितलं होतं की चहा द्या, बिस्किटं द्या, बोलू नका.

सर उंच, मितभाषी, खिशात छोटी टॉर्च. त्यांनी सायकल खिडकीपाशी घेतली. रेघेवरून नख फिरवलं, एकदा, दोनदा. टॉर्च तिरकी धरून बघितलं. मग, काय सांगू, खिशातून नाणं काढलं आणि नळीवर वाजवायला लागले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मागून पुढे, पुढून मागे, रेघेवर, रेघेच्या दोन्ही बाजूंना. मुलगी माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की दोन दिवस वळ राहिले. काका उंबऱ्यात. बाबा हातात चहाचा ट्रे घेऊन, आणि ट्रेवरची कपबशी किणकिणतेय.

सरांनी नाणं खिशात ठेवलं. म्हणाले, वरच्या वार्निशवरचा ओरखडा आहे. आत काही नाही. फ्रेम ठीक आहे, चाचणीला चालेल.

मुलीने माझा दंड सोडला. मी देवाकडे बघितलं. सरांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि सहज म्हणून विचारलं की पण हा ओरखडा आला कुठून?

मी तयारच होते. चेहऱ्यावर निरागस भाव आणले, पदर सारखा केला, आणि म्हणाले, काय माहीत बाई, पडली तेव्हाच कदाचित त्या रुळाला.

तेवढ्यात ट्रे खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"साहेब, रूळबिळ काही नाही. दोन दिवस मी ह्या सायकलीचा गळा आवळून धरलेला ओ, तरी मेली नाही!"